शाळेला नंबर देणाऱ्यांचा नंबर कधी लागणार?

परीक्षांच्या तोंडावर एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मराठवाड्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत ती शिकवते.

"अरे, ती लिंक उघडत नाही म्हणतायत वरून. परवानगी मागतेय. काय करू?"

गूगल ड्राइव्हवरच्या फोल्डरची लिंक होती. फोल्डर सगळ्यांना खुलं करायचं राहून गेलं होतं. मी सांगितलं, तिनं केलं, दोन मिनिटांचं काम. मग सहज ते फोल्डर उघडून बघितलं. साठेक फोटो होते. हात धुणारी मुलं. झाडाला पाणी घालणारी मुलं. पुस्तकांच्या कपाटासमोर मांडी घालून वाचत बसलेली मुलं.

"एवढ्या रात्री कसले फोटो गं?"

"पुरावे आहेत. शाळेच्या गुणवत्तेचे."

कपाटासमोरच्या फोटोत एक मुलगा पुस्तकात अगदी डोकं घालून बसला होता. मी विचारलं, "हा वाचतो का चांगलं?" ताई हसली. "नाही रे अजून. जोडाक्षर आलं की अडतो. पण त्याचं नाव घालायला कुठं रकाना आहे?"

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

ताई जे भरत होती त्याचं नाव शाळा गुणवत्ता मूल्यांकन आणि आश्वासन आराखडा. शिक्षकांच्या तोंडी नुसतं 'स्क्वाफ'. त्यात १२८ मानकं आहेत. प्रत्येक मानकाला चार स्तर. आपण कुठल्या स्तरावर आहोत हे शाळेनं स्वतः ठरवायचं आणि त्याचे पुरावे जोडायचे. त्याआधी शाळासिद्धी होती, २०१५ पासून. तिच्यात सात क्षेत्रं आणि ४६ मानकं. मधल्या काळात शाळांच्या भिंतींवर 'आयएसओ मानांकित' आणि 'डिजिटल शाळा' अशा पाट्या लागल्या. मग 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' आलं. सोबत सरल आहे, यू-डायस आहे, पोषण आहाराचं ॲप आहे, हजेरीचा चॅटबॉट आहे. ४६ ची १२८ झाली. जोडाक्षरावर अडलेला मुलगा मात्र एका यादीतून दुसऱ्या यादीत जाताना कुणालाच दिसला नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पोटापाण्यासाठी डॅशबोर्ड बनवतो. त्यामुळे 'आकडे वाईट, माणुसकी चांगली' असलं काही मी म्हणणार नाही. मुलांना काय येतं हे मोजलंच पाहिजे, नियमित मोजलं पाहिजे. पण त्या मोजण्यातून शाळांची क्रमवारी लावण्याचा जो धंदा चाललाय तो बंद झाला पाहिजे. आणि क्रमवारीची एवढीच हौस असेल तर ती शाळेच्या वरच्या पायऱ्यांपासून सुरू करावी. तालुका, जिल्हा, मंत्रालय. का, ते सांगतो.

पहिला प्रश्न: हे आकडे नेमकं मोजतात काय?

'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाचा दुसरा टप्पा २०२४-२५ मध्ये झाला. एकूण गुण १५०. पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे शासनानं सांगितलेलं किती पाळलं याला जवळजवळ निम्मे गुण, आणि मुलं शिकली किती याला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस. शाळेला पैसे मिळाले याचं मला दुःख नाही, मिळावेतच. पण ही स्पर्धा आज्ञाधारकपणाची आहे. तिला गुणवत्तेची स्पर्धा म्हणू नका.

दिल्लीतही तेच. केंद्र सरकार राज्यांना 'परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स' नावाच्या निर्देशांकात गुण देतं. त्याच्या पहिल्या रूपात ७० निकष आणि १,००० गुण होते. त्यात प्रशासकीय कारभाराला ३६० आणि मुलांच्या शिकण्याला १८०. बरं, ते १८० तरी ताजे असावेत? २०१९-२० च्या निर्देशांकातही शिकण्याचे गुण २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातूनच घेतलेले होते. २०१७ साली तिसरीत असलेलं मूल तोवर पाचवीत पोचलं होतं.

२०२०-२१ च्या निर्देशांकात महाराष्ट्राला ९२८ गुण मिळाले. केरळ आणि पंजाबच्या जोडीनं देशात सर्वांत जास्त. पुढच्याच वर्षी केंद्रानं सूत्र बदललं. कारभाराचे गुण ३६० वरून १३० वर आणले, शिकण्याचे १८० वरून २४० केले, दहा श्रेण्या नव्यानं आखल्या. त्या २०२१-२२ च्या यादीत वरच्या पाच श्रेण्यांमध्ये देशातलं एकही राज्य नव्हतं. महाराष्ट्र 'प्रचेष्टा-३' मध्ये, म्हणजे वरून सातव्या पायरीवर, ५८१ ते ६४० गुणांच्या पट्ट्यात.

एका वर्षात राज्यातली मुलं एवढी ढ झाली का? मुलं तीच, शिक्षक तेच, गळणारी छपरंही तीच. मधे कोविड होता हे खरं, पण देशभरातली राज्यं वरच्या श्रेण्यांतून एकदम उतरली ती सूत्रामुळे. नवं सूत्र जुन्यापेक्षा बरं आहे, हेही मान्य. पण सूत्रातले वजनाचे आकडे बदलले की शिखरावरचा माणूस पायथ्याला येत असेल, तर ते शिखर आधी कुणी आणि कशाचं बांधलं होतं, हे विचारायला नको? ९२८ च्या वेळी अभिनंदनाचे फलक लागले होते. सातव्या पायरीचा फलक मी तरी कुठं पाहिला नाही.

दुसरा मुद्दा साध्या गणिताचा आहे.

राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याची आकडेवारी शासनानंच दिली होती. त्यांत शिकणारी मुलं १ लाख ८५ हजारांच्या वर. भागाकार केला की एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं. अशा शाळेत एक मूल म्हणजे आठ टक्के. तिसरीत पाच मुलं असतील तर एक मूल म्हणजे वीस टक्के. त्या दिवशी एकाला ताप आला, किंवा एकाचे आईबाप ऊसतोडीला गेले, की निकाल शंभराचा ऐंशी होतो किंवा ऐंशीचा शंभर. आणि मराठवाड्यात दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की एक नाही, निम्मा वर्ग जातो.

हे किती फसवं असतं ते नाणेफेकीवरून बघा. समजा दहा हजार शाळा आहेत. प्रत्येकीत पाच मुलं. सगळ्या शाळा अगदी सारख्या, आणि प्रत्येक मूल चाचणीत पास होण्याची शक्यता निम्मी. तर निव्वळ योगायोगानं सुमारे ३१२ शाळांत पाचही मुलं पास होतील, आणि सुमारे ३१२ शाळांत पाचही नापास. पहिल्या ३१२ मुख्याध्यापकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. दुसऱ्या ३१२ जणांना कारणे दाखवा नोटिसा जातील. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी घेतली की जवळजवळ सगळी नावं बदलतील. मग कुणीतरी अहवाल लिहील: नोटिशींचा परिणाम झाला, आणि सत्कारामुळे लोक सुस्तावले.

पाचशे मुलांच्या शाळेत हे होत नाही. तिथं चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि अशी शाळा नशिबानं कधी पहिली येत नाही, कधी शेवटचीही येत नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यातल्या शाळांच्या निकालांवर थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये हेच दाखवलं. यादीच्या वरच्या टोकालाही लहान शाळांची गर्दी, खालच्या टोकालाही लहान शाळांचीच. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते हे. आमच्याकडे एखाद्या नवख्या पोरानं पाच नोंदींवरून टक्केवारी काढून रँक लावला, तर त्याचा कोड परत पाठवतात. इथं त्याच रँकवरून माणसांच्या आयुष्याचे निर्णय होतात.

कुठले निर्णय? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं 'समूह शाळां'चं धोरण आणलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या. विरोध झाला, पण ती टांगती तलवार गेलेली नाही. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. वस्तीवरच्या शाळेला खालची श्रेणी मिळते. गावात बातमी पोचते. ज्याला परवडतं तो पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतो. पट पंधराचा नऊ होतो. पट कमी म्हणून शाळा समूहात घालायच्या यादीत जाते. शेवटी उरतात ती ज्यांना गाडी परवडत नाही त्यांची मुलं, आणि बहुतेक वेळा मुली, कारण दोघांपैकी एकालाच गाडीत बसवायचं तर कुणाला बसवतात हे आपल्याला माहीत आहे. यात कुठंही कुणी दुष्टपणा केलेला नसतो. प्रत्येकानं फक्त यादी बघितलेली असते.

तिसरा मुद्दा. निकाल शाळेचा असतो की घराचा?

दोन काल्पनिक शाळा घ्या. एक तालुक्याच्या गावात. पहिलीत येतानाच दहातली सात मुलं अक्षरं ओळखतात, कारण घरी वर्तमानपत्र येतं, आई शिकलेली आहे. चौथीला त्यातली आठ नीट वाचतात. दुसरी शाळा तांड्यावर. मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. येताना दहातलं एकच अक्षरं ओळखतं, चौथीला पाच वाचतात. यादीत पहिली शाळा वर, दुसरी खाली. शिकवलं जास्त कुणी? दुसरीनं. पण श्रेणी 'क' तिला. तिथल्या शिक्षकानं पुढच्या बदलीत तालुक्याचं गाव मागितलं तर दोष कुणाचा? आपण त्याला सांगितलंय की अवघड मुलं शिकवणं तोट्याचं आहे.

आणि चौथा मुद्दा इतिहासाचा. हे सगळं आधी करून झालेलं आहे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ साली निकालानुसार अनुदानाची पद्धत आणली. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, प्रत्येक मुलाची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घेणार, पास झालेल्या डोक्यांनुसार शाळेला पैसे. परिणाम काय झाला असेल हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला न वाचता सांगता येईल. पुस्तकं तोंडपाठ, बाकी विषय बाद. मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा निरीक्षक होते आणि आपल्या सरकारी अहवालांतून या पद्धतीवर टीका करत राहिले. १८९० च्या दशकात ती गुंडाळली गेली. तोवर तिच्या धर्तीची निकालानुसार अनुदानाची पद्धत मुंबई इलाख्यातही आली होती.

याच काळात, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांना शाळांची गुणवत्ता नको होती का? उलट, प्राथमिक शिक्षणाच्या दशेवर त्यांच्याइतकं परखड त्या आयोगापुढे क्वचितच कुणी बोललं असेल. त्यांची मागणी बघा. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही. निदान तिमाहीला तपासणी हवी, आणि मधे न कळवताही भेटी द्याव्यात. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार किमान १२ रुपये करा, हेही होतं. म्हणजे वरच्यांनी वारंवार शाळेत या, आणि शिकवणाऱ्याला नीट जगू द्या. १४० वर्षं उलटून गेली. केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या असल्याच्या बातम्या अजून येतात, आणि शाळेत येण्याऐवजी आपण शाळेकडून ड्राइव्हची लिंक मागवतो.

लिंकवर बक्षीस आणि शिक्षा टांगली की पुढं काय होतं, याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं अटलांटा शहर. तिथं चाचणीच्या निकालावर नोकऱ्या आणि बोनस अवलंबून होते. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचा ठपका आला. ते सगळे जन्मजात लबाड होते असं मानायचं का? आकड्यावर पोट अवलंबून असलं की माणूस आधी आकडा सांभाळतो. आपल्याकडे त्याची सौम्य रूपं रोज चालतात. 'उद्या तपासणी आहे, त्याला घरीच ठेवा.' काठावरच्या मुलांकडं जास्त लक्ष, कारण ती ढकलली की टक्का वाढतो. अगदी मागं पडलेल्याला बाजूला बसवायचं, कारण तो यंदा तरी रेषा ओलांडणार नाही.

आता इथवर वाचून काही शिक्षक संघटना खूश होतील. त्यांनी होऊ नये.

कारण 'आम्हाला मोजूच नका' या मागणीशी माझा अजिबात संबंध नाही. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून गावागावांत घरी जाऊन मुलांना दुसरीचा उतारा वाचायला देतं. २०२४ मध्येही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना तो वाचता आला. पाचवीपर्यंत रोज शाळेत गेलेल्या मुलाला दुसरीचं वाचता येत नाही, हा त्या मुलावरचा अन्याय आहे, आणि वर्गात उभा असलेला शिक्षक त्यातून अंग काढून घेऊ शकत नाही. मोजलं नसतं तर हे कुणाला कळलंही नसतं. गरिबाच्या पोराचं अपयश झाकायला 'शिक्षण मोजता येत नाही' हे वाक्य फार सोयीचं आहे. ते म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं सहसा अशा शाळेत असतात जिथं दर महिन्याला चाचणी होते.

पण 'असर' काय करत नाही तेही बघा. ते एकाही शाळेचं नाव घेऊन तिला नंबर देत नाही. चाचणी इतकी साधी असते की आईलाही समोर बसून कळतं. मोजणं आणि रांगेत उभं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर वजन करतो ते औषधाचा डोस ठरवायला. वॉर्डातल्या पेशंटांची वजनावरून गुणवत्ता यादी तो भिंतीवर लावत नाही.

मग करायचं काय? चार गोष्टी.

एक. शाळेत टक्केवारीऐवजी नावांची यादी ठेवा. कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, कोण उताऱ्यावर. ही यादी वर पाठवायची नाही, ती वर्गात वापरायची. दर दोन महिन्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत प्रत्येक पालकाला आपल्या मुलाचं सांगायचं. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत ते गणवेशाच्या बिलांवर सह्या करायला नाहीत. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ची सुरुवात प्रत्येक मूल शिकलं का, याच प्रश्नानं झाली होती. नंतर किती शाळा 'प्रगत' झाल्या हे मोजण्यात तो प्रश्न हरवला.

दोन. बाहेरच्या माणसांकडून नमुना चाचणी घ्या, पण आकडे तालुका पातळीवर जाहीर करा, तीन वर्षांच्या सरासरीनं, आणि सोबत चूक किती असू शकते तेही छापा. पाच मुलांच्या वर्गाची टक्केवारी कुठंही छापू नका.

तीन. क्रमवारी वर न्या. दर जिल्ह्याच्या पानावर एवढंच असू द्या: शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आणि किती दिवसांपासून. किती शाळा एकाच शिक्षकावर चालल्यात, कारण कायदा तर साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक देतो. अनुदान कुठल्या तारखेला निघालं आणि शाळेच्या खात्यात कुठल्या तारखेला पोचलं. शिक्षकांचे किती दिवस शिकवण्याबाहेरच्या कामात गेले. निधी वेळेवर जातो का, हे केंद्राच्या निर्देशांकातही विचारतात, पण हजार गुणांच्या बेरजेत ते बुडून जातं. ते वेगळं काढा. जिल्ह्यांमध्ये शाळा हजारो असतात, आकडे मोठे असतात, म्हणून इथं क्रमवारी लावली तर ती नाणेफेक ठरणार नाही. या पानावर शेवटच्या आलेल्या जिल्ह्यानं पत्रकार परिषद घ्यावी.

चार. फुल्यांचं ऐका. न सांगता शाळेत जा, मागच्या बाकावर बसा, आणि निघताना नोटीस देण्याऐवजी 'काय हवंय' असं विचारा.

या चारांतल्या कुठल्याही गोष्टीला १२८ मानकं लागत नाहीत. नवं ॲपही लागत नाही. माझ्यासारख्या लोकांचं काम थोडं कमी होईल, ते चालेल. शाळांच्या माहितीचे हे पडदे आमच्यासारख्याच कुणीतरी बनवले, आणि 'हा आकडा पाच मुलांवरून काढलाय' असं लाल अक्षरात लिहायला विसरलो. त्या चुकीत आमच्या पेशाचा वाटा आहे.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. पुढच्या वेळी 'महाराष्ट्र देशात अमुक क्रमांकावर' किंवा 'या शाळेनं पटकावला पहिला नंबर' असा स्क्रीनशॉट ग्रुपवर आला, तर पुढं पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती मुलांवरून? मुलं शाळेत आली तेव्हा कुठं होती? आणि वरच्या कार्यालयाला कुणी किती गुण दिले?

परवा ताईशी पुन्हा बोलणं झालं. मी त्या मुलाचं विचारलं. म्हणाली, आता जोडाक्षरं वाचतो, 'विद्यार्थी'ला अजून थांबतो. तिच्या रोजच्या वहीच्या शेवटच्या पानावर सतरा नावं आहेत आणि प्रत्येकापुढं पेन्सिलनं काय येतं ते लिहिलंय. पेन्सिलनं अशासाठी की खोडून पुढचं लिहिता यावं.

मी म्हटलं, "ते पान पाठवलंस का पुरावा म्हणून?"

"ते कुणी मागितलंच नाही," ती म्हणाली.